वांकलेलें फायबरग्लास व त्याची दुरुस्ती

मोटारगाडीचें अंग पोलादी पत्र्याचें असतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती बहुतांशीं खरीही आहे. बंगालमध्यें उत्तरपाडा येथें २०१४ सालापर्यंत तयार होणारी अँबेसिडर घ्या, किंवा मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत पूर्वीं तयार होणारी प्रीमियर पद्मिनी घ्या. दोन्ही गाड्या पत्र्याच्याच. अशा गाडीस कोठें पोचा आला म्हणजे आपला डेंटर आंतून लोखंडाचें टेकण देतो, बाहेरून हातोडीचे हलके ठोके घालतो, व पत्रा हळूहळू मूळच्या आकारावर येतो. लोखंड, तांबें, पितळ ह्या धातूंचा हा गुणच आहे कीं, ते ठोक्यास वश होतात. पुण्याच्या तांबट आळींतून जो एकदां फिरला आहे, त्यास हें निराळें सांगावयास नको.

परंतु जगांत अशाही कांहीं गाड्या निघाल्या कीं, ज्यांचें बाह्यांग पत्र्याचें नसून कांचेच्या तंतूंचें व रेझिनचें, म्हणजे ज्यास आपण फायबरग्लास म्हणतों त्याचें, केलेलें होतें. ह्या अंगास गंज चढत नाहीं हें खरें. पण वर्षें लोटलीं म्हणजे तें कोठें फुगतें, कोठें पीळ खातें, बॉनेटचा एक कोपरा वर उचलला जातो, दार चौकटींत बसत नाहीं. येथें हातोडी उपयोगाची नाहीं. ठोका बसतांच आंतील तंतु सुटतात, वर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात, आणि वांकडेपणा होता तेथेंच राहतो. मग तो काढावा कसा, हें ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय कारागिराचा असला तरी त्यांत रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान हीं दोन्ही येतात. म्हणून विद्यार्थिमित्रांनीं तो परका समजूं नये.

प्रथम थोडा इतिहास. फायबरग्लासच्या अंगाची पहिली मोटार १९४६ सालीं अमेरिकेंत विल्यम स्टाउट ह्या यंत्रज्ञानें तयार केली. ती एकच होती. तदनंतर १९५३ सालीं शेव्हरोले कंपनीनें ‘कॉर्व्हेट’ नांवाची गाडी विक्रीस काढली. पहिल्या वर्षीं तिच्या फक्त ३०० प्रती निघाल्या. इंग्लंडांत टॅमवर्थ गांवच्या रिलायंट कंपनीनें लहान व स्वस्त गाड्या ह्याच पद्धतीनें केल्या. त्यांपैकीं १९७५ सालीं निघालेल्या ‘किटन’ गाडीचा आपल्या देशाशीं निकटचा संबंध आहे. बंगळूर येथील सिपानी ह्यांच्या कारखान्यानें तीच गाडी ‘डॉल्फिन’ ह्या नांवानें १९८२ च्या सुमारास भारतांत आणली. ८४८ घनसेंटिमीटरचें ॲल्युमिनियमचें एंजिन, दोन दारें, आणि सर्व अंग फायबरग्लासचें, अशी ती होती. त्यापूर्वीं, १९७० नंतरच्या दशकांत, बंगळुरासच ‘बादल’ नांवाची तीन चाकांची गाडी अशाच अंगाची तयार झाली होती.

लहान कारखानदारांनीं ही वाट कां धरिली, हेंही समजून घेण्यासारखें आहे. पत्र्यास आकार द्यावयाचा तर प्रचंड दाबयंत्रें व पोलादाचे ठसे लागतात. त्यांचा खर्च लक्षावधि गाड्या खपल्या तरच भरून येतो. फायबरग्लासला मात्र एक सांचा व कुशल हात एवढें पुरतें. ह्या सोयीमुळेंच अशा गाड्या थोड्या निघाल्या, आणि थोड्या निघाल्यामुळेंच आज त्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले. बुधवारीं किंवा रविवारीं पुण्याच्या जुन्या बाजारांत हिंडल्यास फियाटच्या दाराची मूठ किंवा अँबेसिडरचा दिवा एखादे वेळीं हातीं लागेल. परंतु डॉल्फिनचें बॉनेट सांपडेल ही आशा फार धरूं नये. जो भाग गाडीवर आहे तो वांचविला पाहिजे. तो बिघडला तर दुसरा मिळणें कठिण. ह्यास्तव अशा गाडीचा धनी व तिचा कारागीर ह्या दोघांवरही मोठी जबाबदारी येते.

आतां फायबरग्लास म्हणजे काय तें पाहूं. कांच वितळवून तिचे केंसाहूनही बारीक तंतु काढितात. त्यांची चटई किंवा कापड करितात. हें कापड सांच्यावर पसरून त्यांत पॉलिएस्टर जातीचें पातळ रेझिन ब्रशानें व रोलरनें जिरवितात. रेझिनमध्यें अगोदरच थोडें ‘हार्डनर’ घातलेलें असतें. त्यामुळें तें कांहीं वेळानें आपोआप तापतें, घट्ट होतें व कठिण बनतें. असे थरावर थर दिले म्हणजे तीन-चार मिलिमीटर जाडीचें मजबूत कवच तयार होतें. कोंकणच्या किनाऱ्यावरील मच्छिमारांच्या नव्या होड्या आणि गच्चीवरील कित्येक पाण्याच्या टाक्या ह्याच रीतीनें होतात.

ह्यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, घट्ट झालेलें रेझिन मेणासारखें पुन्हां वितळत नाहीं. मेणाचे कण एकमेकांशेजारीं नुसते बसलेले असतात. ऊब लागली कीं ते सरकूं लागतात. रेझिनचे लांबच लांब रेणु मात्र घट्ट होतांना एकमेकांस आडव्या दुव्यांनीं जोडले जाऊन एक अखंड जाळें बनतें. यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरीं गेला, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांनीं उपासनेच्या वेळीं ऐकली आहे. चाकावरचें मडकें बिघडलें तेव्हां कुंभारानें त्याच मातीचें दुसरें केलें, कारण माती ओली होती. पुढच्याच अध्यायांत भाजलेलें मडकें फुटतें. तें मात्र पुन्हां सांधतां येत नाहीं. पातळ रेझिन ही ओली माती, व घट्ट झालेलें रेझिन हें भाजलेलें मडकें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तथापि दृष्टांत येथें थोडा अपुरा पडतो. भाजलेली माती तापविली तरी मऊ पडत नाहीं. रेझिनचें जाळें मात्र विवक्षित उष्णतेपुढें किंचित् सैल होतें. साध्या पॉलिएस्टरच्या बाबतींत ही मर्यादा त्याच्या जातीप्रमाणें सुमारें ६० पासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत कोठें तरी असते. ह्या सैल स्थितींत दुवे तुटत नाहींत, परंतु त्यांच्यामधील रेणूंस थोडी हालचाल करितां येते. आपले बुरूड बांबू विस्तवावर शेकून वांकवितात व निवेपर्यंत तसाच धरून ठेवतात, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. आमच्या कामाचा मार्गही तोच: ऊब, आधार व धीर.

पण उपाय सुरू करण्यापूर्वीं एका प्रश्नाचें उत्तर मिळविलें पाहिजे, आणि आमच्या मतें ह्या सर्व विद्येचें मर्म त्याच प्रश्नांत आहे. हा भाग जन्मतःच वांकडा आहे, कीं सरळ जन्मून मागाहून वांकला आहे?

सरळ जन्मलेला भाग मागाहून वांकतो त्याचीं कारणें अनेक आहेत. गाडी वर्षानुवर्षें उन्हांत उभी राहते. गडद रंगाचें बॉनेट वैशाखांतल्या दुपारीं हात ठेववत नाहीं इतकें तापतें. त्यांत खालून एंजिनाची उष्णता. अशा सैल झालेल्या भागावर कोणी ओझें ठेवलें, किंवा काढलेलें दार भिंतीस तिरपें टेकून कित्येक पावसाळे तसेंच राहूं दिलें, तर तो भाग हळूहळू त्या भाराप्रमाणें वांकतो. कधीं दोष त्या भागाचा नसून त्याच्या आधाराचा असतो. आंतील लोखंडी पट्टी गंजून फुगते व कवचास बाहेर ढकलते. बिजागरीखालची चकती हरवते. नटबोल्ट वाजवीपेक्षां अधिक आवळलेला असतो.

जन्मतःचा वांकडेपणा निराळा. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होतांना शेंकडा ५ ते १० इतकें आकसतें. कांच आकसत नाहीं. म्हणून एका बाजूस रेझिन अधिक व दुसऱ्या बाजूस तंतु अधिक असे विषम थर पडले, तर ज्या बाजूस रेझिन अधिक त्या बाजूकडे भाग ओढला जातो. तसेंच रेझिन पुरतें पक्व होण्यापूर्वीं घाईनें भाग सांच्यांतून काढला, तर तो बाहेर येऊन वांकतो व वांकलेल्या स्थितींतच पक्का होतो.

हा भेद महत्त्वाचा कां? कारण रेझिनचें जाळें ज्या आकारांत पक्व झालें तो आकार तें विसरत नाहीं. सरळ जन्मलेला भाग ऊब मिळतांच आपल्या मूळ आकाराकडे परतूं पाहतो. त्यास केवळ साह्य करावें लागतें. वांकडा जन्मलेला भाग मात्र बळजबरीनें सरळ करून निवविला, तरी पुढच्या उन्हाळ्यांत पुन्हां वांकडा होतो. पहिल्यास ऊब पुरे. दुसऱ्याची रचनाच बदलावी लागते.

परीक्षा अशी करावी. प्रथम सर्व नटबोल्ट काढून भाग गाडीपासून अलग करावा. अलग होतांच तो सरळ झाला, तर दोष आधारांत आहे. पट्टी, चकत्या व बिजागऱ्या दुरुस्त केल्या कीं काम झालें. तसें न झाल्यास सपाट फरशीवर ठेवून ताणलेल्या सुतानें व लांब पट्टीनें तो तपासावा. गाडीची एक बाजू शाबूत असेल तर तिच्यावरून पुठ्ठ्याचा नमुना कापावा व उलटा करून दुसऱ्या बाजूस लावून पाहावा; उजवें-डावें अंग बहुधा एकमेकांचें प्रतिबिंब असतें. मग भाग कोणत्याही दाबाशिवाय, खालून सर्वत्र सारखा टेकेल असा ठेवून दोन-तीन दिवस कडक उन्हांत राहूं द्यावा व पुन्हां मापावा. वांक आपोआप थोडा कमी झाला, तर तो मागाहून आलेला आहे असें समजावें.

आतां उपाय. वरचा रंग व लांबी पॉलिश कागदानें घासून काढावी. रंग उतरविण्याचें तीव्र रसायन लावूं नये. तें रंगाबरोबर रेझिनही खातें. नंतर लांकडी पट्ट्यांचा एक पाळणा करावा. त्याचा वरचा कडा योग्य आकाराचा, किंबहुना वांकाच्या उलट दिशेस किंचित् अधिक असावा, कारण सोडल्यावर भाग थोडा मागें येतोच. भाग त्यावर ठेवून उंचवट्यांवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्या. एकाच बिंदूवर शिकंजा आवळूं नये. भार पसरलेला असावा. नंतर सावकाश ऊब द्यावी. दिव्यांची उष्णता उत्तम. हॉट एअर गन वापरल्यास ती दूर धरून सतत फिरती ठेवावी. तापमान यंत्रानें मोजीत असावें. ६० अंशांपासून आरंभ करून भाग हातास नरम लागेपर्यंतच तें चढवावें. ८० अंशांपुढें जाण्याची गरज सहसा पडत नाहीं. रंगाचा पृष्ठभाग फुगला किंवा करपट वास आला, तर मर्यादा उलटली असें समजून तत्काळ थांबावें. एक-दोन तास ऊब टिकवून दिवे बंद करावे, आणि भाग रात्रभर पाळण्यांतच निवूं द्यावा. पाणी ओतून निवविण्याची घाई करणारा सर्व श्रमांवर पाणी ओततो. एका खेपेस वांक निम्माच गेला तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां तीच क्रिया करावी.

वांकडा जन्मलेल्या भागास शस्त्रक्रिया लागते. जेथें ताण आहे तेथें आंतल्या बाजूनें समांतर चिरा पाडाव्या, परंतु बाहेरचा थर कापूं नये. ताण मोकळा होतांच भाग पाळण्यावर सहज सरळ बसतो. तेथेंच त्यास धरून चिरांच्या कडा उतरत्या घासाव्या. हा उतार जाडीच्या सुमारें बारापट असावा, म्हणजे तीन मिलिमीटर जाडीस छत्तीस मिलिमीटर. तेवढी रुंदी असली म्हणजे नवा थर जुन्यास घट्ट धरतो. जागा ॲसिटोननें पुसून कोरडी करावी, व मग नवे थर द्यावे. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी अधिक चांगलें चिकटतें. परंतु इपॉक्सी वापरावयाचें तर विणलेलें कांचकापड घ्यावें, कारण साध्या चटईंतील तंतु बांधणारी पूड पॉलिएस्टरमध्यें विरघळते, इपॉक्सींत विरघळत नाहीं. थर एकाच बाजूस फार जाड देऊं नयेत. तसें केल्यास जी विषमता काढावयाची तीच पुन्हां निर्माण होते. बॉनेटसारख्या मोठ्या सपाट भागास आंतून एक-दोन फांसळ्या द्याव्या. हलक्या फोमची पट्टी ठेवून तिच्यावर कापड व रेझिन दिलें म्हणजे फांसळी होते. नवें काम भाग पाळण्यावर असतांनाच पुरतें पक्व होऊं द्यावें. कित्येक कारागीर वांक तसाच ठेवून वर बोटभर लांबी भरतात व रंग मारून गाडी धन्याच्या हवालीं करितात. ती लांबी कांहीं दिवसांनीं तडकते. आणि नीट न बसलेलें बॉनेट वेगांत असतांना वाऱ्यानें उघडून चालकाच्या डोळ्यांसमोर उभें राहिलें, तर प्राणावर बेतते.

आतां जी गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख छापणें आम्हांस अनुचित वाटतें ती सांगतों. ह्या कामांत कारखान्यांतील शिकाऊ मुलगाच बहुधा घासण्याचें व रेझिन कालविण्याचें काम करितो, आणि त्याला धोक्याची कल्पना कोणी देत नाहीं. कांचेची धूळ अंगास खाजविते, डोळ्यांत जाते व श्वासाबरोबर आंत जाते. म्हणून घासतांना पाणी वापरावें, तोंडास चांगला मुखवटा, डोळ्यांस चष्मा व हातांत मोजे असावे. रेझिनचा उग्र वास स्टायरीन नांवाच्या द्रव्याचा असतो. त्याची वाफ डोकें दुखविते, गुंगी आणते व पेटतेही. म्हणून दारें-खिडक्या उघड्या असाव्या व जवळ विस्तव किंवा विडी असूं नये. हार्डनर डोळ्यांत उडाल्यास दृष्टि जाण्याचें भय असतें. उडालेंच तर तत्काळ पुष्कळ पाण्यानें धुऊन डॉक्टराकडे न्यावें. रेझिन लवकर घट्ट व्हावें म्हणून कोबाल्टचें जांभळें द्रव्यही घालतात. कोबाल्ट व हार्डनर हीं दोन एकमेकांत कधींही प्रत्यक्ष मिसळूं नयेत. त्यांचा भडका उडतो. कोबाल्ट आधीं रेझिनमध्यें पूर्ण ढवळावें, आणि मगच हार्डनर, शंभर भाग रेझिनास एक ते दोन भाग, मोजून घालावें. एका वेळीं मोठें भांडें भरून कालवूं नये. आंतल्या आंत तापून तें धूर ओकूं लागतें.

आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच घरीं डॉल्फिन गाडी असेल हें आम्ही जाणतों. तरी पुण्यासारख्या मोटारींच्या नगरींत आमचे कित्येक विद्यार्थी पुढें कारखान्यांतून काम करतील, व कित्येकांचे वडील आजही करीत आहेत. त्यांस आमची विनंति एवढीच कीं, हातीं आलेला वांकडा जिन्नस पाहून प्रथम हातोडीकडे हात नेऊं नये. तो असा कां झाला, हें आधीं विचारावें. कारण आधारांत असेल तर आधार सुधारावा, मागाहून आलें असेल तर ऊब द्यावी, आणि मुळांतच असेल तर मुळाशीं जाऊन नवी बांधणी करावी. शिक्षकाच्या व आईबापांच्या हातीं जीं कोंवळीं मुलें असतात त्यांचा विचार करितांना हा क्रम आमच्या मनांत पुष्कळदां येतो. मुलें फायबरग्लासचीं नव्हेत हें उघड आहे. त्यांचें जाळें अजून पक्व व्हावयाचें आहे, आणि म्हणूनच सांच्यांतून त्यांस बाहेर काढण्याची घाई न करणें हें आपणां सर्वांचें कर्तव्य आहे.